न लागलेला ब्रेक

एकोणसाठ सालचा जानेवारी. कणकवलीला मासळी टाकून पहाटे रिकामी परतणारी गुरुदासशेटांची लॉरी कुंभारमाठच्या उतारावर रस्त्याकडेच्या एका दगडी कुंपणात, गडग्यात घुसली. चिरे ढासळले, लॉरीचा दिवा फुटला, ड्रायव्हर बाबली मात्र धडधाकट. म्हणे ब्रेक लागलाच नाही. शेटांनी लॉरी माझ्या गाड्या दुरुस्तीच्या शेडमध्ये ओढून आणली.

"गणपत, ब्रेक बिघडलो आसात तर बाबली कामार रवतलो. नायतर तेका काढतलंय."

दुपारी मी चाकाखाली शिरलो, बाबलीला पेडलवर बसवलं. चाकामागच्या, ब्रेकचं तेल सोडायच्या निपलला रबरी नळी लावली आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं. "दाब! धर!" म्हटलं की मी निपल सैल करायचा, तेल बाटलीत यायचं. निपल आवळला की "सोड." ब्रेकमध्ये हवा असती तर बुडबुडे आले असते. चारही चाकं झाली, एक बुडबुडा नाही. पेडल टणक. रस्त्यावर नेऊन ब्रेक दाबला तर लॉरी जागच्या जागी उभी!

माझं डोकंच फिरलं. "शिरा पडो तुझ्या तोंडार! झोपलंस आणि ब्रेकाक नावा ठेवतंस?"

"रामेश्वराची आण, मी झोपाक नाय. पाय खालपर्यंत गेलो रे!"

मी ऐकतोय कुठला! पेढीवर जाऊन चारचौघांत शेटांना सांगितलं, ब्रेक ठीक आहे, बाबलीला डुलकी लागली. शेटांनी त्याच्याकडून चावी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी मी म्हणत होती. माझी बायको तुळसा शेडमध्ये चहा घेऊन आली आणि कालच्या बाटलीकडे बघत राहिली.

"ह्यात खोबरेल कित्याक घातलात?"

बाटलीत वर बोटभर पांढरं थिजलं होतं. आठ दिवसांमागे कोल्हापूरहून ब्रेकचं तेल आलं नव्हतं, तेव्हा तेल ते तेल म्हणून मीच त्या लॉरीत वाटीभर खोबरेल ओतलं होतं. काल पहाटे पहिल्यांदाच एवढा गारठा पडला, ते वरच्या डब्यात थिजलं, पेडलखाली तेल उतरायची वाट बंद झाली आणि पाय रिकामाच खाली गेला. दुपारच्या उन्हात वितळलं, ब्रेक लागला. बाबली खरं बोलत होता.

खोटं कशाला सांगू, मनात आलंच. तासाभरात ऊन चढेल, हे वितळेल, मग कोणाला कळणार? तुळसा माझ्याकडे बघत होती. मलाच माझी लाज वाटली. बाटली उचलली आणि शेटांच्या पेढीवर धावलो.

शेटांनी मला नको नको ते ऐकवलं आणि चावी माझ्याच हातात देऊन बाबलीकडे पिटाळलं. तो अंगणात बसला होता. सगळं सांगून मी चावी पुढे केली. त्याने घेतली नाही.

"त्याल चुकान घातलंस, ता धुवन काढतलंस. पण बाबली गाडयेर झोपता, ह्या बाजारभर झाला. ता कोण काढतलो?"

मी चावी खिशात टाकली. तसाच मासळीबाजारात गेलो. तोवर बाटलीतलं खोबरेल वितळून गेलं होतं, दाखवायला हातात काही नव्हतं. मग मासळीवाल्या बायकांच्या मधोमध उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, "बाबली झोपाक नाय गो! चूक माझी!"