न वाढलेलं वासरू

म्हाताऱ्याने ओटच्या दुधाचा चहा न पिताच बशीसकट दूर सरकवला आणि घसा साफ केला.

“आता जे सांगतो त्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. माझा स्वतःचाच बसला नव्हता.”

“आजोबा, गोष्ट नको. हो की नाही, तेवढं बोला,” नात म्हणाली.

मागणं साधं होतं. तिने दूध, दही, लोणी, अंडी सगळं सोडलं होतं. टेबलावर रोज वाजायचं म्हणून तीन आठवडे ती आपलं ताट खोलीत नेऊन एकटीच जेवत होती. निदान महिनाभर घरात दूध येऊ नये, एवढंच तिचं म्हणणं. नाहीतर ती आजच वसतिगृहात राहायला जाणार होती. भरलेली बॅग दाराशी उभी होती. चाळीस वर्षं दुधाचा धंदा केलेल्या म्हाताऱ्याने त्या बॅगेकडे एकदाच पाहिलं होतं आणि मग खुर्ची फिरवून घेतली होती.

खिडकीशी त्याची बायको उशीची उसवलेली शिवण घालत बसली होती.

“आमची तांबू गाय,” म्हाताऱ्याने सुरुवात केलीच. “तिचं वासरू दोन वर्षं गोठ्यात उभं होतं. बोटभर वाढलं नाही.”

“दोन वर्षांत?”

“दोन वर्षांत. गवत हुंगायचं नाही, दुधाला तोंड लावायचं नाही. म्हणायचं, आधी गिऱ्हाइकांचं होऊन जाऊ दे.”

“म्हणायचं?”

“डोळ्यांनी गं. मधे बोलू नकोस. तांबू त्याला चाटायची आणि असा पान्हा सोडायची की बादल्या पुरायच्या नाहीत. एकदा तर आगीचा बंब बोलवावा लागला, दूध ओढून न्यायला. त्याच आठवड्यात लाकडाच्या वखारीला आग लागली, ती बंबवाल्यांनी दुधानेच विझवली. पुढे वर्षभर त्या वखारीतल्या फळ्यांवर साय धरायची.”

नात हसणार नव्हती, पण हसली. म्हाताऱ्याने खुर्ची तिच्याकडे ओढली. त्याचा आवाज उतरला.

“तुझा बाप त्या दुधावर वाढला, चिमणे. तू म्हणतेस आम्ही हिसकावून घेतलं. अगं, ती आपणहून देत होती. मी फक्त खाली बादली धरली. चाळीस वर्षं मी नुसती बादली धरली.”

नात उठली. दाराशी जाऊन तिने बॅगेची मूठ धरली, सोडली, पुन्हा धरली.

“आणि ते वासरू?” तिने विचारलं. “त्याला भूक नव्हती?”

“समजूतदार होतं ते. त्याला कसली भूक?”

खिडकीतली सुई थांबली.

“अहो,” म्हातारी म्हणाली, “चौथ्या दिवशी मेलं ते. गिऱ्हाइकांना कमी पडेल म्हणून तुम्ही त्याला आचळाला लावलंच नाही. गाय आटायला लागली तेव्हा त्याच्या कातड्यात पेंढा भरून मी ते शिवलं. तांबू चाटून चाटून टाके उसवायची, मी पुन्हा घालायची.” तिने दाताने दोरा तोडला. “आता तो चहा प्या. गार होतोय.”