कोळशाची मोटार

लढाई सुरू झाली, पेट्रोलला कूपनं लागली आणि हंबीररावांच्या उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीच्या पाठीला माणसाच्या उंचीची लोखंडी टाकी येऊन बसली. सांगलीहून इस्लामपूर, कराड करत साताऱ्याला जाणारी ती मोटार आता कोळशावर चालायची. पहाटे टाकीत लाकडाचा लोणारी कोळसा भरायचा, खालच्या तोंडाशी रॉकेलचा बोळा पेटवायचा आणि बाजूच्या पंख्याचा दांडा फिरवत राहायचं. निखारा धरला की टाकीत वायू तयार व्हायचा. नळीच्या तोंडाशी काडी नेली आणि निळी ज्योत टिकली, की मगच इंजिन सुरू करायचं. कोळसा दमट असला तर दांडा फिरवून फिरवून खांदा भरून यायचा.

कोंडीबा या मोटारीचा ड्रायव्हर. माधवनगरच्या रस्त्याला हंबीररावांचं आवार होतं, तिथंच तो राहायचा. आवाराला तीन बाजूंनी गोदामांच्या उंच भिंती आणि चौथ्या बाजूला फाटक. मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या. एकीत कोंडीबा आणि त्याची बायको मनुबाई, दुसरीत रंगूबाई. रंगूबाई म्हातारी, एकटी, दम्याची. ड्रायव्हर लोकांना ती भाकरी करून घालायची.

मनुबाईचं माहेर खंडाळ्याकडचं. लहानपणी तिला सांधे सुजून ताप आला होता. ताप गेला, पण तेव्हापासून जड काही उचललं की तिला धाप लागायची. लग्नानंतर दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा राहिले नाहीत. भावकीतल्या लोकांनी कोंडीबाला दुसरी कर म्हणून सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

मोटारीवरचा क्लीनर पलटणीत भरती झाला. दुसरा मिळेना, गावंच्या गावं पलटणीत चालली होती. मग पहाटे कोंडीबा कोळसा भरायचा, तेलपाणी बघायचा आणि मनुबाई पंख्याचा दांडा फिरवायची. तिनं ते आपणहून घेतलं होतं. कोंडीबा दिवसभर रस्त्यावर, संध्याकाळी आला की जेवून आडवा. नवरा-बायकोचं बोलणं व्हायचं ते काय त्या टाकीपाशी. माहेरची म्हैस व्याली, साखर मिळत नाही, साताऱ्याच्या मोटारअड्ड्यावर कोण भेटलं, असलं काहीबाही. दांडा फिरायचा, धूर भिंतींच्या मधे कोंडून राहायचा आणि ती दोघं बोलत असायची.

हिवाळा संपता संपता मनुबाईच्या छातीत दुखायला लागलं. वरवंटा ठेवल्यासारखं. आधी पहाटे दुखायचं, मग दुपारी चुलीपाशी बसल्यावरही. ओठ काळसर दिसायला लागले. तिनं कुणाला सांगितलं नाही. मग भावाच्या, सिद्धूच्या मुलीचं लग्न निघालं आणि ती खंडाळ्याला गेली. पंधरा दिवस राहिली. परत आली आणि दुसऱ्याच दिवशी दांडा सोडून टाकीशेजारी खाली बसली.

कोंडीबा म्हणाला, "काय गं, काय झालं?"

"आवं, एक सांगू का? गावाला मी घागर घिऊन हिरीचा चढ चढले. धाप लागली, पर दुखलं न्हाई. हितं बसल्या जागी दुखतंय."

कोंडीबा तिच्याकडं बघत राहिला. त्याचंही डोकं सकाळी सकाळी ठणकायचं, पण मोटार रस्त्याला लागली की थांबायचं. ते त्यानं आजवर मनावर घेतलं नव्हतं.

पलीकडून रंगूबाई खोकत म्हणाली, "त्यो धूर हाय बाबा. मला तर ही टाकी पेटली की दार लावून बसावं लागतंय."

त्या रविवारी तो तिला गावातल्या डॉक्टरांकडं घेऊन गेला. डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी बराच वेळ नळी लावून ऐकलं. पाठीकडून ऐकलं, डाव्या कुशीवर झोपवून ऐकलं. मग कोंडीबाला समोर बसवलं.

"हिच्या काळजाची झडप लहानपणच्या तापात आखडली आहे. ती आता सरळ व्हायची नाही. पण अशी झडप घेऊन माणसं बरीच वर्षं काढतात. सकाळी उठून ही काय काम करते?"

कोंडीबानं सांगितलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "त्या टाकीतून जो वायू निघतो, तो डोळ्याला दिसत नाही आणि नाकाला कळत नाही. तुम्हाला दिसतो तो नुसता धूर. हा वायू रक्तात शिरला की चांगल्या हवेची जागा अडवून बसतो. तुमच्यासारख्याचं डोकं दुखतं, एवढंच. हिच्या काळजाला मात्र तेवढंच काम करायला दुप्पट धावावं लागतं, आणि त्याच्यात धावायची ताकदच नाही. वरून ती काजळी. तिनं छाती आणखी कोंडते."

"मग काय करायचं, डॉक्टरसाहेब?"

"थेंब देतो. पण थेंबांपेक्षा हवा महत्त्वाची. हिला त्या आवारातून बाहेर काढा. माहेरी ठेवता आलं तर फारच उत्तम."

घरी येताना मनुबाई म्हणाली, "मी न्हाई जायाची म्हायेराला."

"डॉक्टर म्हणत्यात."

"म्हणू द्यात. तुमी हितं, मी तितं. मग काय, बरी हून करू काय?"

कोंडीबा हंबीररावांकडं गेला. मोटार फाटकाबाहेर काढून पेटवू द्या, म्हणाला. हंबीरराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचारपूस केली, पण हात झटकले. "इंजिन सुरू न्हाई तर मोटार भाईर कशी काढणार रं? रातची भाईर ठेवली तर टायरं ऱ्हात न्हाईत. रोज ढकलत नेणार? माणसं कुठनं आणू? लढाई हाय गड्या. सगळी दुनिया धूर खातीया."

तेव्हा त्या दोघांनी आपल्यापुरता मार्ग काढला. पहाटे कोंडीबा उठला की मनुबाई घोंगडी घेऊन फाटकाबाहेर जायची आणि रस्त्यापलीकडं चिंचेखाली बसायची. कोंडीबा एकटाच कोळसा भरायचा, एकटाच दांडा फिरवायचा. मोटार बाहेर पडली, धूर विरला, की मग ती आत यायची. थेंब चालू होते. महिन्याभरात दुखणं कमी झालं, ओठांना जरा रंग आला. फक्त बोलणं थांबलं. मोटार फाटकातून वळताना तो तिच्याकडं बघायचा आणि ती हात वर करायची.

उन्हाळा, पावसाळा असाच गेला. पुन्हा थंडी आली. कृष्णेवरून धुकं यायचं आणि आवारात धूर जमिनीला धरून बसायचा. एका संध्याकाळी टाकीचं खालचं तोंड उघडताना कोंडीबाचा उजवा तळहात भाजला. रंगूबाईनं त्यावर कोरफडीचा गर लावून फडकं बांधलं.

दुसऱ्या दिवशी अड्ड्यावर भरतीची पोरं जमायची होती. सगळ्यांना साताऱ्याला पोचवायचं होतं, वेळेत. कोंडीबानं डाव्या हातानं दांडा धरला. कोळसा रात्रीच्या दवानं ओलसर झाला होता. निखारा धरायचा आणि विझायचा. त्यानं पुन्हा बोळा लावला. खांदा दुखायला लागला, हात बदलावा म्हटलं तर उजव्याची मूठच वळेना. उजाडायला लागलं होतं.

मनुबाई फाटकातून आत आली. नाकाला पदर लावलेला होता.

"सरका," ती म्हणाली.

"नगं. जा भाईर."

"उगं इतकुसं फिरवते. पोरं खोळंबली असतील."

कोंडीबा बाजूला झाला. पुढं कधी त्याला ती सकाळ आठवायची, तेव्हा आपण 'नगं' म्हणालो ते आठवायचं नाही. बाजूला झालो तेवढंच आठवायचं.

तिनं दांडा फिरवला, दोन्ही हातांनी, न थांबता. मधे एकदा म्हणाली, "सिद्धूची पोरगी गरवार हाय म्हणं." तो "हां" म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी ती दोघं टाकीपाशी बोलत होती. मग नळीला काडी लावली आणि निळी ज्योत टिकली. कोंडीबानं इंजिन सुरू केलं. मनुबाई जाऊन उंबऱ्यावर बसली. ओठ काळे दिसत होते. थंडी लय हाय, असं त्याला वाटलं.

"बरी हायस न्हवं?"

"व्हय. जावा तुमी."

तो गेला. अड्ड्यावर पोरं गाणी म्हणत मोटारीत चढली आणि कराडपर्यंत गातच राहिली. कराडला त्यानं टाकीत कोळसा टाकला, चहा घेतला. साताऱ्याला वेळेत पोचला. भरतीच्या साहेबानं घड्याळ बघून मान हलवली.

संध्याकाळी मोटार सांगलीच्या अड्ड्यावर आली तेव्हा हंबीरराव स्वतः उभे होते. इतर वेळी ते अड्ड्यावर येत नसत. उतारू उतरेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "कोंडीबा, चल. मी चालवतो." आणि कोंडीबा आपल्याच मोटारीत शेजारच्या बाकावर बसला.

रंगूबाईनं सांगितलं. मोटार गेल्यावर मनुबाई बराच वेळ उंबऱ्यावरच बसून होती. लसूण सोलायला घेतला. मग म्हणाली, छातीवर दाबल्यागत होतंय. जबड्यात दुखतंय म्हणाली, डावा हात जड झालाय म्हणाली. घाम फुटला. रंगूबाईनं हाका मारल्या तसे गोदामातले हमाल धावत आले आणि तिला उचलून रस्त्यावर मोकळ्या हवेत नेऊन निजवलं. डॉक्टर आले तेव्हा ती गेलेली होती.

डॉक्टर अजून तिथंच बसले होते. ते कोंडीबाजवळ आले. "झडप खराब होती, कधीतरी हे व्हायचंच होतं, असं लोक म्हणतील. म्हणू देत. पण तुम्हाला खरं सांगायला पाहिजे. ती आज जायची नव्हती."

कोंडीबानं मान हलवली. साहेबानं घड्याळ बघून हलवली होती तशी.

नदीवर सगळं झालं. खंडाळ्याहून सिद्धू आला. तो आधी फाटकाला धरून रडला, मग कोंडीबाच्या गळ्यात पडून रडला. कोंडीबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. भाजलेल्या तळहाताला सिद्धूचा सदरा घासत होता आणि ते दुखतंय एवढं त्याला कळत होतं. बाकी काही कळत नव्हतं. बायकांनी आपापसात म्हटलं, माणूस दगडाचा दिसतोय.

तेराव्याचे दिवस झाल्यावर हंबीरराव म्हणाले, "आणि थोडं दिस थांब." तो नको म्हणाला. पहाटे उठून त्यानं टाकीत कोळसा भरला. बोळा हातात घेतला, काडी काढली आणि पेटवली नाही. गाडीचा ब्रेक सोडला, मागं गेला आणि टाकीच्या शेजारी खांदा लावून ढकलायला लागला. मोटार हालली नाही. तो ढकलत राहिला. पाय मातीत घसरत होते.

हमाल कामावर येत होते. ते जरा वेळ बघत उभे राहिले. मग त्यांच्यातला एक पुढं झाला, त्याच्या मागून बाकीचे. मोटार फाटकातून बाहेर निघाली, आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या उघड्या माळावर नेऊन त्यांनी सोडली. तिथं कोंडीबानं टाकी पेटवली. वारा होता. धूर सरळ शेतांकडं निघून गेला.

त्या दिवशी मोटार अड्ड्यावर उशिरा पोचली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी हंबीरराव माळावर येऊन उभे राहिले.

"कुणाच्या हुकमानं चाललंय ह्ये?"

"कुणाच्या न्हाई," कोंडीबा म्हणाला. दांडा फिरवायचा तो थांबला नाही.

हंबीररावांनी त्याच्याकडं बघितलं, टाकीकडं बघितलं. मग ते परत गेले, आणि संध्याकाळी निरोप आला की उद्यापासून चार हमाल ढकलायला येतील, त्यांची मजुरी मालक देतील. पुढं त्यांनी दुसरी मोटार घेतली, तीही माळावरच पेटू लागली.

रंगूबाईचा दमा गेला नाही, पण ती आता पहाटे दार उघडं ठेवून बसायची. "लय हलकं वाटतंय बघ," असं तिनं कोंडीबाला एकदा सांगितलं. रस्त्यावरचा मैलाचा दगड मागं पडावा, तसं त्यानं ते ऐकलं. बरं झालं, असं त्याला वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही.

लढाई संपली. पेट्रोल मिळायला लागलं आणि एक दिवस मिस्त्रीनं टाकी सोडवून काढली. भंगारवाला ती हातगाडीवर घालून घेऊन गेला. सिद्धू एक स्थळ घेऊन आला, लांबच्या नात्यातली विधवा, कामाला चांगली. कोंडीबा "बघू" म्हणाला. सिद्धूनं पुन्हा विचारलं नाही.

जेवण रंगूबाईकडंच असायचं. एका संध्याकाळी भाकरी वाढता वाढता ती थांबली.

"कोंडीबा, तू रडलास का रं कवा तिच्यासाठी?"

त्यानं आठवून बघितलं.

"न्हाई."

"रड की मग. आता कोण हाय बघाया?"

"बघतो," कोंडीबा म्हणाला, आणि त्यानं भाकरी मोडली.