दीड इंचाच्या पोटात सगळं घर

मित्रांनो, नाक दाबा, पण कान उघडे ठेवा. मी एक जुना सांडपाण्याचा पाइप आहे, जेमतेम दीड इंच रुंदीचा. माझा जन्म बेसिनसाठी झाला. तोंड धुतलेलं पाणी, थोडा साबणाचा फेस, एवढंच माझ्या पोटाला झेपतं. दुकानदार मला उजेडाकडे धरून गिऱ्हाइकांना आरपार दाखवायचा, इतका मी आतून स्वच्छ होतो.

मग एका घरमालकाने मला घेतलं. न्हाणीघर, स्वयंपाकघरातलं सिंक आणि वॉशिंग मशीन, तिन्हींचं पाणी माझ्याच गळ्यात!

"साहेब, याच्या दुप्पट रुंद पाइप हवा," प्लंबर म्हणाला.

"जाड पाइपाने भिंत फुगेल. फरशा बघा किती देखण्या आहेत!"

"तुमची भिंत, तुमचा वास," म्हणत त्याने मला बसवलं.

शी! खरकट्याचं तेलकट पाणी, केसांचं गुंतवळ, कपड्यांचा काळा मळ. मशीन तर एका दमात ओकायचं. मला गिळवेना. मग ते सगळं आंबून, बुळबुळीत होऊन न्हाणीघराच्या जाळीतून वर यायचं.

तिथे मालकाची म्हातारी आई आंघोळ करायची. खापर तिच्यावर फुटलं.

"आई, तुझे केस आणि तुझं ते तेल! घरभर घाण सुटलीय."

"अरे, डोक्यावर केस उरलेत किती? पाइप तुंबवण्याइतका ऐवज नाही रे माझ्याकडे!"

"ते काही नाही. तू आता धाकट्याकडे राहा."

म्हातारीने आंघोळच सोडली, ओल्या फडक्याने अंग पुसू लागली. जायच्या दिवशी पिशवी भरून ती सुनेजवळ बसली होती. सुनेने मशीन लावलेलं होतं. त्याचं पाणी सुटलं आणि जाळीतून काळा लोंढा उंबरा ओलांडून थेट पिशवीपर्यंत आला.

"अहो, इकडे या!" सून ओरडली. "आई तर इथे बसल्यात. मग ही घाण कोणाची?"

मालक पायजमा वर धरून जाळीपाशी वाकला. सुनेने पिशवी उचलली आणि आत नेऊन रिकामी केली.

देखणी भिंत फुटली, रुंद पाइप आला. म्हातारी डोक्यावरून मनसोक्त न्हाली. "आई, पाणी पुरलं का गं?" मुलगा दाराबाहेरून विचारत होता. तिने आणखी एक तांब्या डोक्यावर ओतला.

मी आता भंगारात आहे, तोंडाशी माशा घोंगावतात. मित्रांनो, पाइप घेताना भिंतीचं रूप पाहू नका, त्यातून काय काय वाहणार ते पाहा. आणि घरात वास सुटला, तर सगळ्यात दुबळ्या माणसाकडे बोट दाखवू नका. आधी जाळी उचला.