रत्नाची फुंकर

मी फुंकणी बोलतेय. हातभर लोखंडी नळी, आतून पोकळ. माणसाचा श्वास आत आला तरच माझ्यात जीव.

कापूरहोळला शब्बीरभाईंच्या गॅरेजात मी जुन्या पाइपचा तुकडा होऊन पडले होते. धनाजी नव्या नवरीसाठी फुंकणी मागायला आला. शब्बीरभाईंनी माझं एक तोंड ठोकून बारीक केलं अन् म्हणाले, "घ्या धनाजीराव. आता चूल पेटली न्हाई तर वहिनी तुमच्यावर पेटतील."

वेल्ह्याच्या डोंगरात मी त्या नवरीच्या, रत्नाच्या हाती पडले. काय तिचा दम! ओल्या लाकडाचाही दोन फुंकरींत जाळ. मधेच थांबून सासूला, म्हणजे सखूबाईला, उत्तर द्यायची अन् परत फुंकायची. मी आतून ऊबदार होऊन जायचे.

मग करोना आला. रत्ना पंधरा दिवस पुण्याला दवाखान्यात होती. परत आली तेव्हा सखूबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. दुसऱ्या सकाळी रत्नानं मला ओठाला लावलं, अन् सगळ्यांच्या आधी मला कळलं. श्वास माझ्या निम्म्यातच थांबला. राख नुसती हलली. पण मी सांगणार कशी?

महिने गेले. सखूबाई म्हणायची, "रिपोर्ट चांगला आलाय की. मग ह्ये कशाचं? हातपाय हलवल्याबिगर ताकद येत न्हाई." मनानं वाईट नव्हती ती. तिनं बाळंतिणींना असंच उठवलं होतं. रत्नाही स्वतःला आळशी म्हणायला लागली.

आमच्याकडं भाताच्या लावणीला पडकई असते. आज सगळ्याजणी माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. शेजारची ठकुबाई रत्नाकडं येऊन गेली होती, म्हणून रत्ना तिच्याकडं गेली. दोन ओळी लावल्या अन् चिखलातच बसली. मग आठ दिवस अंथरुणात. वेणी घालायला हात वर होईना.

ठकुबाईच धनाजीला म्हणाली, "धना, गाडी बघ. भोरच्या दवाखान्यात न्हेऊ हिला."

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, असं धनाजीनं परत आल्यावर चुलीपुढं सांगितलं. करोना गेला तरी शरीर सावरलेलं नाही, हे ढोंग नाही, असं त्या बोलल्या. दमल्यावर नाही, दमायच्या आधी बसायचं.

त्या सांजेला सखूबाई मला हातात धरून चुलीपुढं बसली. "पोरी, म्या लई बोलले तुला."

"बोला की," रत्ना म्हणाली. "आता बसूनच ऐकायचंय मला."

ठकुबाईनं आळीतल्या बायकांना सांगितलं, "रत्नीची पडकई आता चुलीवर." रोज एकीनं येऊन भाकरी थापायची.

"आन् म्या कवा येऊ तुमच्याकडं?" रत्नानं विचारलं.

"आमी म्हाताऱ्या झाल्यावर ये. घाई हाय व्हय?"

आता सगळ्यांचे श्वास मला ओळखू येतात. ठकुबाईच्या श्वासाला मशेरीचा वास. सखूबाईचा निम्मा दातांच्या फटीतून निसटतो. जाळ होतो, भाकरी फुगते. तरी मी वाट बघते ती तिचीच.

परवा रत्नाला जरा बरं वाटत होतं. तिनं मला उचललं, पदरानं पुसलं, ओठाला लावलं. बारीकशी फुंकर आली. निखाऱ्याचा एक डोळा लाल झाला. मला दुसरी हवी होती. तिलाही हवी होती, तिची बोटं माझ्यावर घट्ट झाली होती. पण तिनं मला खाली ठेवलं अन् भिंतीला टेकून बसली. ठकुबाईनं मला उचललं.

रत्ना, बस तू. मी हितंच हाय.