बारागाड्यांतली पहिली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी बैलगाडी आहे, पण म्हातारी म्हणाल तर खबरदार! माझी बाभळीची हाडं अजून शाबूत आहेत. धुळ्याकडच्या आमच्या गावात यात्रेला बारा गाड्या एकामागे एक बांधतात, वर माणसं खच्चून बसतात आणि देवाचा भगत त्या ओढतो. त्यात सगळ्यांत पुढे मी!

भगत पंडितआबांच्या घरचा, आता स्वतः आबाच. त्याच्या बगलेत हात घालून त्याला दोन्हीकडून सावरणारे बगले जीवरामनानांच्या घरचे. त्यांच्याशिवाय भगत पाऊल टाकत नाही. आबांची बायको भिकुबाई ही नानांचीच बहीण, म्हणजे घरं दोन पण सोयरीक एक.

पाच वर्षांपूर्वी पंचायतीच्या निवडणुकीवरून ही दोन घरं एकमेकांवर उठली. ऐन यात्रेत दगडफेक झाली. एक दगड माझ्या लाकडावर बसला, तडा गेला. दुसऱ्यानं नानांच्या मुलाचा, अभिमनचा, डावा डोळा गेला. तो दगड आबांनी मारला. मी पाहिलं, पण गाडीला कोण विचारतो?

मग गाव चिरलं. यात्रा बंद पडली. नाना वारले, तेव्हा दोन गल्ल्यांपलीकडच्या माहेरी आबांनी भिकुबाईला जाऊ दिलं नाही. ती माझ्या चाकाला टेकून रडली. मला फार राग आला होता.

यंदा आबांचं पॅनल जिंकलं. गुलाल उधळला, यात्रा ठरली. पण बगले आलेच नाहीत. तर आबांनी काय करावं? ट्रॅक्टर आणला! बारागाड्या ट्रॅक्टरनं? मी मनात म्हटलं, लाव जोर, माझा आक, दोन चाकांमधला कणा, मोडेल पण मी हलायची नाही.

तेवढ्यात भिकुबाई आली आणि पदर खोचून माझ्यावर चढून बसली.

"उतर खाली," आबा खेकसले.

"उतरस नही! तुम्ही जिंकनात ना? बठ्ठा गाव तुम्हना शे ना? मंग बगला कोठे शेतस?"

"लोक पाहतात, घरी चल."

"पाहू द्या! मन्हा भाऊनं तोंड तुम्ही पाहू दिधं नही. आते अभिमन येवाशिवाय मी हालस नही."

ऊन डोक्यावर आलं. ट्रॅक्टरवाला कंटाळून निघून गेला. भिकुबाई पाणीसुद्धा न पिता बसून राहिली. शेवटी अभिमन आला, एकटाच.

"आत्या, उतर. मी आबाकरता उनू नही, तुन्हाकरता उनू."

तो आबांच्या उजव्या बाजूला गेला. त्यांचा उजवा हात उचलून त्यानं आपल्या खांद्यावर घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दगड मारनारा हाऊच हात व्हता."

आबांची मान खाली गेली.

दुसरी बगल भिकुबाईनं धरली. बाई कधी बगला होते का, अशी कुजबुज झाली. होते! तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. आबा रडत होते, त्या दोघांनी त्यांना चालतं ठेवलं, आणि बाराच्या बारा गाड्या हलल्या.

मित्रांनो, माझ्या आकाला वंगण द्या, मला पावसात टाकू नका. पण तो दगडाचा तडा लांबी-पुट्टी भरून बुजवायला कोणी आलं, तर त्याला हाकलून द्या. अभिमनचा डोळा भरून यायचा नाही. माझा तडाही तसाच राहील.