मधला काळा निळा

बाबांच्या डोळ्यांचं गुपित गावात फक्त मला ठाऊक होतं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, पण तोंडाच्या जागी काळा डाग. दोन वर्षं मी ते झाकलं. आंधळ्या कारागिराला परांचीवर कोण चढू देणार? आणि भिंतीवर रंगीत काचांचे तुकडे जडवून चित्रं केल्याशिवाय माझा बाप, झिनोन नावाचा हा माणूस, महिनाभरही जगला नसता.

गाझाजवळच्या आमच्या गावात नवं चर्च उभं राहिलं होतं. वेदीमागच्या कमानीत डोंगरावरचा प्रसंग काढायचा होता: प्रभूचं रूप तेजानं पालटलं आणि त्याचे शिष्य पेत्र, याकोब, योहान पालथे पडले, तो. गावात ज्याला त्याला अक्कल फुटली. भट्टीवाली म्हणाली, पेत्राला झोपेतलाच दाखवा, असं तेज समोर असताना जागा माणूस त्याच्यासारखा 'इथं मंडप बांधू' म्हणेल का? म्हातारे पाद्री अब्बा कास्तोर एकच सांगत. प्रभू त्या दिवशी बदलला नाही, तो तसाच होता. त्या तिघांचे डोळे घटकाभर उघडले, इतकंच. मला रागच यायचा. ज्याचे डोळे मिटत चाललेत, त्याच्यापुढे हे कशाला बोलायचं?

चुना दिवसभरात वाळतो, म्हणून पुरेल तेवढाच थापायचा. निळ्या काचांची सात ताटं मी बाबांपुढे ओळीनं मांडायची. शिडी नेहमी डावीकडे असायची, म्हणून शिडीकडून सुरुवात करायची, पहिलं जवळजवळ पांढरं, शेवटचं काळपट. बाबा डावीकडून बोटांनी ताटं मोजत. प्रभूच्या अंगाशी पांढरी काच, बाहेर जाऊ तशी गडद, असं तेजाचं वलय ठरलं होतं.

त्या सकाळी परांची बांधणाऱ्या सुतारानं शिडी उजव्या बाजूला नेली. मी नेहमीसारखी शिडीकडून ताटं मांडली आणि खाली चुना मळायला गेले. दुपार कलल्यावर दारातून वर पाहिलं, तर सगळं उलटं. प्रभूच्या अंगाशी काळा निळा, कडेला उजेड. चुना वाळला होता.

अब्बा कास्तोर आले, मागून सुतार आला. चूक माझी आहे, ताटं मी उलटी मांडली, असं मी घाईनं सांगून टाकलं.

"पण जडवलं तर झिनोननं," सुतार म्हणाला. "त्याला दिसलं नाही?"

बाबा शिडी धरून सावकाश उतरले.

"नाही दिसत," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. पोरीला बोलू नका, माझ्यासाठी झाकलं तिनं."

फोडून टाकू, गाझाहून दुसरा कारागीर आणू, असं सुतार सांगू लागला. अब्बा फरशीवर बसून वर बघत राहिले. सुताराचं बोलणं संपलं तरी ते बघतच होते.

"दुपारी सूर्याकडे बघितलंयस कधी?" त्यांनी सुताराला विचारलं. "मधे काळंच दिसतं. ते तिघे काय उगाच पालथे पडले? राहू दे हे. आणि झिनोन, प्रभूचा चेहरा राहिलाय. तो कोण करणार?"

"ही सांगेल," बाबा म्हणाले, "मी जडवीन."

तसंच झालं. चेहऱ्याला आठ दिवस लागले, एकेक काच मी त्यांच्या तळहातावर ठेवली. संपल्यावर आम्ही दोघं दारात उभे राहिलो.

"खरं सांग, कसं दिसतंय?" त्यांनी विचारलं.

दोन वर्षं मी त्यांना सगळं छानच सांगत आले होते. त्या दिवशी जे होतं ते सांगितलं.

"कडेला उजेड आहे. आत जाऊ तसा अंधार वाढतो. आणि अंधारात मधोमध तो उभा आहे, पांढऱ्या कपड्यांत."

बाबांनी कमानीकडे तोंड वर केलं.

"मला रोज असंच दिसतं, पोरी," ते म्हणाले. "फक्त मधे कुणी उभं आहे, हे ठाऊक नव्हतं."