टिकारामच्या हातातला चाटू

मी चाटू बोलतोय. शिवणीच्या लाकडाचा, हातभर लांब, टोकाशी पसरट. कोंढ्याच्या मंगरू सुताराने १९७१ साली मला तासलं. दाराच्या चौकटीतून उरलेला तुकडा होतो मी, चुलीतच जायचा. त्या दिवशी टिकाराम गावी आला होता. त्याने मला हातात तोलून पाहिलं, बोटांनी कड चाचपली आणि पिशवीत टाकलं.

टिकाराम भंडाऱ्याला एका बंगल्यावर स्वयंपाकी होता. कालव्याच्या कामावरचे मोठे साहेब, मधुकरराव, तिथे राहत. बंगल्यामागच्या दोन खोल्यांत टिकाराम आणि त्याची बायको धुरपता. ती भांडी घासायची, तांदूळ निवडायची. शेगडीपाशी मात्र तिने यायचं नाही. तो टिकारामचा मुलूख होता.

त्याच्या हातची एक गोष्ट सगळ्या साहेबलोकांत गाजलेली. बटाटे आणि भाज्या दुधा-लोण्याच्या दाट रसात घालून, वर चीज पसरून भाजायच्या. साहेब तिला ‘ग्राटिन’ म्हणत, टिकाराम ‘गिराटीन’, आणि धुरपता नुसतं ‘दुधातले आलू’. कामठीच्या छावणीत एका म्हाताऱ्या खानसाम्याकडून तो ते शिकला होता. रस ढवळायला लोखंड चालत नाही म्हणून मी.

१९७७ च्या दिवाळीत टिकारामला ताप आला. एकवीस दिवस तो अंथरुणावर होता. उठला आणि पहिल्याच दिवशी मला जाणवलं की काहीतरी बिनसलंय. माझ्यावरचा थेंब त्याने नेहमीसारखा तळहातावर घेतला, चाटला, आणि तसाच उभा राहिला. पुन्हा थेंब घेतला. मग लसणाची पाकळी ठेचून नाकाशी धरली. त्याचा चेहरा पांढरा पडला.

त्याने कुणाला सांगितलं नाही. अंदाजाऐवजी तो मिठाचं माप घेऊ लागला, घड्याळाकडे बघू लागला. चाखायचं नाटक मात्र रोज करायचा. एकदा धुरपताच्या भाजीत मीठच पडलं नव्हतं. ‘मस्त झाली,’ म्हणत त्याने दोन भाकरी खाल्ल्या. धुरपता त्याच्याकडे बघत राहिली.

जानेवारीत मधुकररावांची बदली झाली. त्यांच्या जागी येणारे साहेब शनिवारी जेवायला येणार होते. मधुकरराव स्वयंपाकघरात आले.

“टिकाराम, साडेबाराला पानं घे. तुझं ते ग्राटिन कर. जेवण पसंत पडलं तर ते तुलाच ठेवतील. मी शब्द टाकलाय.”

पसंत पडलं नाही तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. दोन्ही खोल्या बंगल्याच्याच होत्या.

शनिवारी टिकारामने पापडासारखे पातळ बटाटे चिरले. गाजर, फुलकोबी, वाटाणे अर्धेकच्चे उकडले. अकरा वाजता शेगडीवर लोणी वितळलं, मैदा पडला, मग दुधाची बारीक धार. या वेळी हात थांबवायचा नसतो. आम्ही दोघं गोल गोल फिरत होतो. तेवढ्यात चपराशी धनीराम मागच्या दारात आला.

“टिकारामभाऊ, पाव्हणे दोन जास्तीचे हायेत. ताटं किती मांडू?”

टिकाराम मला पातेल्यात सोडून ताटं मोजायला गेला. परत आला तेव्हा बुडाशी काहीतरी धरलं होतं. माझी कड त्यावरून खरवडत गेली आणि करपलेले कण वर आले. त्याने थेंब तळहातावर घेतला, चाटला.

“जमलं,” तो स्वतःशीच म्हणाला.

मी लाकडाचा. ओरडणार कसा?

धुरपता ताटं पुसत आत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

“दूध करपलं.”

“काई नाई करपलं. मस्त झालं.”

ती शेगडीपाशी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने मला त्याच्या हातातून घेतलं, थेंब चाखला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

“तुमाले वास नाई येत.”

“चूप!”

“चव बी नाई येत. कवापासून?”

टिकाराम खाली बघत होता. “दिवाळीपासून.”

“मले काहून नाई सांगतलं?”

“सांगून का झालं असतं? तू दुसरी जीभ आणून देल्ली असती?”

बाहेर घड्याळाचा साडेअकराचा टोला पडला. धुरपताने करपलेलं पातेलं उचलून मोरीत ठेवलं. “खिरीचं दूध हाय. तेच घ्या.”

“मंग गोड का वाढू?”

“गूळ वाढा. हात चालवा आता.”

पुन्हा लोणी, पुन्हा मैदा. या वेळी टिकारामने ढवळणं क्षणभर थांबवलं नाही. रस दाटला तसा धुरपताने थेंब घेतला आणि गोंधळली.

“हे कसं लागाले पायजे, मले का मालूम?”

टिकारामने डोळे मिटले. हात फिरत होता. “आधी दूध आलं पायजे. मीठ नाई, दूध. मंग लोणी. जायफळ आलं का गेलं, समजलं नाई पायजे. मिरं सगळ्यात शेवटी, घशापाशी.”

“मिरं नाई आलं.”

त्याने चिमूट टाकली.

“आता?”

“आता आलं. पण मीठ कमी.”

चीजचा डबा उघडल्यावर तिने नाकाला पदर लावला. “हे तं सडलं!”

“ते तसंच असते,” टिकाराम म्हणाला.

बटाटे, भाज्या, रस, वर चीज. ताटली पत्र्याच्या पेटीत ठेवली; पेटीखाली निखारे, झाकणावर निखारे. रंग ओळखायला त्याचे डोळे शाबूत होते. पाऊण वाजता ताटली बाहेर गेली.

पडद्याआड चमच्यांचे आवाज येत होते. धुरपता भिंतीला टेकून होती. मग हाक आली आणि टिकाराम मला हातात घेऊनच बाहेर गेला.

“छान आहे,” नवे साहेब म्हणाले. त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

मधुकरराव मात्र घास घोळवत होते. “आज थोडं वेगळं लागतंय रे. चाखलं नव्हतंस का?”

‘चाखलं होतं’ म्हणाला असता तर भागलं असतं. त्याची मूठ माझ्याभोवती आवळली.

“साहेब, मला चव कळत नाही. दिवाळीच्या तापात गेली. आज बायकोनं चाखलं.”

चमचे थांबले. नवे साहेब म्हणाले, “मग स्वयंपाकी म्हणायचं कुणाला?”

“हात ह्यांचे हायेत, साहेब,” पडद्यामागून धुरपताचा आवाज आला. “जीभ माही हाय.”

नव्या साहेबांनी ताट संपवलं, हात धुतले आणि जाताना मधुकररावांना सांगितलं, आपला नागपूरचा स्वयंपाकी येणार आहे, खोल्या आठ दिवसांत मोकळ्या व्हाव्यात. मधुकररावांनी मान हलवली. त्या सबंध दुपारी ते स्वयंपाकघराकडे फिरकले नाहीत.

ताटलीत एक कोपरा उरला होता. टिकारामने तो निम्मा-निम्मा केला. धुरपता पहिल्यांदाच ते पोटासाठी खात होती.

“सांग,” तो म्हणाला.

ती चावत चावत सांगत गेली. गाजर गोड, वरचा पापुद्रा खरपूस, आलू तोंडात विरघळून राहिला. तो तेच चावत ऐकत होता. मग त्याने डोळ्यांना बाही लावली. तापातून उठल्यापासून त्याला मी रडताना पाहिलं नव्हतं.

पुढे दोघं पवनीला आली. एस.टी. थांब्याजवळ त्यांची खानावळ आहे. तो शिजवतो, ती चाखते, आणि दोघं दिवसभर भांडतात. त्याची चव परत आली नाही.

आता १९८६ साल आहे. माझी एक कड झिजून तिरपी झाली, आणि या उन्हाळ्यात दांड्याला उभी चीर गेली. काल धुरपताने स्टीलचा डाव आणला. माझी तक्रार नाही. लाकडाला चूल ठाऊकच असते. जाण्याआधी एवढंच मागतो. ताटावर बसाल तेव्हा मीठ कमी-जास्त जरूर सांगा. पण रांधणाऱ्यालाही एकदा विचारा, तुला कसं लागलं? टिकारामला दोन महिने हे कुणीच विचारलं नव्हतं.